विषय : "आरसा लांबून बघा" आणि माझे ३६ हजार

मॅनेजर सर किंवा मॅडम, जे कोण असाल ते,

तुमच्या कस्टमर केअरशी चौथ्यांदा बोलून आत्ताच फोन ठेवलाय, डोकं तापलेलं असतानाच लिहितेय. पिंपल्सच्या खड्ड्यांसाठी पीआरपी आणि मायक्रोनीडलिंगचं (चेहऱ्यावर बारीक सुया टोचायचं) चार सेशनचं पॅकेज, ३६ हजार, सगळे आधी भरलेत. पहिल्या दोन वेळेला हातातून रक्त काढलं, मशीनमध्ये फिरवलं, ठीक. तिसऱ्या वेळेला रक्त काढलंच नाही! एक छोटी बाटली आणली, विचारलं तर म्हणे "एक्सोसोम आहे मॅडम, अपग्रेड केलंय तुम्हाला". (एक्सोसोम म्हणजे पेशींमधून निघणारे अतिबारीक कण.) कोणाला विचारून? बाटलीवरचं लेबलही बघू दिलं नाही. पीआरपी म्हणजे माझ्याच रक्तातल्या प्लेटलेट्स, हे मी तुम्हाला शिकवायचं का?

खड्डे भरणारं कोलेजन बनायला काही महिने जातात हे मला मान्य आहे, त्यावरून मी भांडतच नाहीये. पण बारीक खोल आइस पिक खड्डे नुसत्या सुयांनी फारसे भरत नाहीत, त्याला टीसीए क्रॉस (खड्ड्यात ॲसिड लावणं) नाहीतर पंच (खड्डा कापून काढणं) करावं लागतं, हे दुसऱ्या स्किनवाल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं. तुमच्या काउन्सेलरला पॅकेज गळ्यात मारताना तेवढंच नेमकं आठवलं नाही. वर आता गालावर काळपट डाग पडलेत ते वेगळेच.

आणि आजचा फोन. तुमची कस्टमर केअरची मुलगी म्हणाली, "रिझल्ट आलाय मॅडम, तुम्ही आरसा फार जवळून बघता, जरा लांबून बघा ना." मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. परत विचारलं, तर म्हणे, "लोक तुम्हाला लांबूनच बघतात ना?" मी गप्पच झाले. मग आठवलं, बिफोरचा फोटो तुम्ही नाकाला कॅमेरा टेकवून काढला होता आणि आफ्टरचा मस्त रिंग लाइट लावून, चार पावलं मागे जाऊन. म्हणजे ही लांबून बघायची ट्रीटमेंट तुमच्याकडे जुनीच दिसतेय, मग ३६ हजार कशाला, फुकट सांगायचं की!

रक्त काढलंच नाही, हे परत लिहितेय कारण फोनवर कोणी ऐकूनच घेत नाही. त्या बाटलीचं नाव, कंपनी, बॅच नंबर मेलवर आणि तिसऱ्या-चौथ्या सेशनचे १८ हजार परत, दोन्ही आठ दिवसांत हवेत. नाहीतर ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला तक्रार आणि तिथून थेट ग्राहक आयोग, बिलं सगळी जपून ठेवलीत. मावसबहिणीलाही मीच तुमच्याकडे पाठवणार होते, तिला कालच थांबवलंय.

हे टाइप करतानाच तुमचा मेसेज आला, चौथ्या सेशनची आठवण. "ग्लो करायला तयार?" म्हणे.