पंचवटीतल्या मेडिकलमधल्या मुलीस

प्रिय मुली,

तुझं नाव विचारायचं राहूनच गेलं. संध्याकाळी काउंटरवर असतेस, चष्मा लावतेस, एवढंच मला माहीत.

फेब्रुवारीत माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिसायला लख्ख लागलं. पण पंधरा दिवस झाले नाहीत तोच डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं, वर पाण्याची धार. शेजारीण म्हणाली, ऑपरेशन बिघडलं वाटतं. फॉल-पिकोवर माझं घर चालतं गं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी लाली घालवायचे थेंब मागायला तुझ्याकडे आले.

तू दिले नाहीस. मागे माणसं खोळंबली होती, तरी विचारलंस, "काकू, दुखतंय का? नजर कमी झालीय का? तसं असेल तर आत्ताच्या आत्ता रिक्षा करा." तसं नव्हतं. मग म्हणालीस, उद्या सकाळी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काही टाकू नका, आणि चालू असलेले थेंब बंद करू नका.

डॉक्टरांनी तपासून कोरडेपणाच सांगितला. पण तिथल्या गर्दीत एवढं पाणी येणारा डोळा कोरडा कसा, हे विचारायचा धीर झाला नाही. ते तू सांगितलंस. ऑपरेशनच्या छेदात डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातल्या बारीक नसा कापल्या जातात, पापण्या कमी लवतात, अश्रूंचा थर टिकत नाही. डोळा चुरचुरतो, आणि त्या चुरचुरण्यानेच पाण्याचा लोंढा येतो. तो गालावरून वाहून जातो, डोळ्याला ओल राहत नाही. बहुतेकांचं तीनेक महिन्यांत निवळतं, हे ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

चिठ्ठीवर प्रिझर्वेटिव्ह नसलेले ल्युब्रिकेटिंग ड्रॉप होते, छोट्या छोट्या कुप्यांतले. दिवसातून सहा वेळा टाकायचे तर प्रिझर्वेटिव्हनेच डोळा आणखी चुरचुरतो, म्हणून हे. मी तर एका वेळी तीन-तीन थेंब ओतत होते, ऑपरेशनचे आणि हे पाठोपाठ! तू स्टुलावर बसवून दाखवलंस: मान मागे, खालची पापणी बोटाने ओढून झोळी करायची, कुपीचं टोक कुठे टेकवायचं नाही, एकच थेंब. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं हलकेच दाबायचा. दोन औषधांत दहा मिनिटं. त्या दिवशी पहिल्यांदा ऑपरेशनच्या थेंबाची कडू चव घशात उतरली नाही.

औषधाच्या कागदी पिशवीवर तू लिहून दिलेलं वेळापत्रक अजून फ्रीजवर आहे. मशीन पंख्याखालून हलवलं. बॉबिन भरताना आठवणीने पापण्या मिटते.

आता मे चाललाय. खुपणं गेलं. थेंब दोनदाच, तेही डॉक्टरांनी कमी करून दिलेत. अशी दहा मिनिटं कुणी कुणाला देत नाही, मुली. तुझ्या पगारात ती धरलेली नसणार.

पुढच्या आठवड्यात येते. तुझ्या घरात फॉल लावायच्या साड्या असतील तेवढ्या काढून ठेव. आईच्यासुद्धा. पैशाचं नाव काढायचं नाही.

तुझी,
फॉल-पिकोवाली काकू