टीबीचा व्हिडिओ अहिराणीत अन् भिलीत पण पाहिजे

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात टीव्हीवर टीबीचा कार्टून व्हिडिओ लावतात. आयडिया एकदम चांगली आहे, भिंतीवरचं पोस्टर कोण वाचतं, पण खोकल्यातून जंतू हवेत कसा उडतो अन् बंद खोलीत दुसऱ्याच्या फुफ्फुसात कसा जातो हे डोळ्यांनी दिसलं की लगेच समजतं. अडचण एवढीच की सगळं पुस्तकी मराठीत आहे, अन् धडगाव-मोलगीकडून आलेली म्हातारी माणसं नुसती चित्रं बघत बसतात. नंदुरबारला भिली-पावरीत अन् धुळे-जळगावला अहिराणीत आवाज दिला तर काय बिघडलं? चित्रं तीच ठेवा, बोलायला गावातलीच आशाताई घ्या.

अन् लोकांना जे प्रश्न खरंच पडतात ते त्यात दाखवा. टीबीच्या रिफाम्पिसिन नावाच्या गोळीने लघवी केशरी-लाल होते, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, पण आधी कोणी सांगितलंच नाही तर माणूस रक्त जातंय समजून औषधच सोडून देतो. दुसरं म्हणजे एक-दोन महिन्यात खोकला थांबतो, भूक लागते, मग घरात सुरू होतं, "आते बरं वाटस, गोया कसाले खावू?" साधा टीबी असला तरी कोर्स कमीत कमी ६ महिन्यांचा असतो, मधेच सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो अन् मग आणखी लांबचे, जास्त त्रासाचे उपचार घ्यावे लागतात. हे कार्टूनमधे किती सोपं दाखवता येईल!

ताट-वाटीचं तर बोलायलाच नको. सुनेला टीबी निघाला की तिचं ताट वेगळं, नाहीतर थेट माहेरी रवानगी, मला याचा फार राग येतो. टीबी भांड्यांनी पसरत नाही, हवेतून पसरतो, म्हणून तोंडावर रुमाल अन् उघडी खिडकी पाहिजे. घरातल्या बाकीच्यांची तपासणी करून टीबी होऊ नये म्हणून गोळ्या देतात, त्यावरही आया विचारतात की चांगल्या पोराला गोळी कशाला, त्यांना उत्तर व्हिडिओतच मिळू द्या.

टीबीच्या पेशंटला पोषणासाठी सरकारकडून महिन्याला मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत, तेही सांगा, कारण उपाशी पोटी या गोळ्या सोसत नाहीत अन् अशक्त शरीराला टीबी लवकर धरतो.

सगळ्यात महत्त्वाचं, दिवाळीनंतर आमच्याकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे जातात. निक्षयवर, म्हणजे टीबीच्या पेशंटच्या सरकारी ऑनलाइन यादीत, नोंद असली की तिकडच्या सरकारी दवाखान्यातही औषध फुकट चालू ठेवता येतं, पण निघायच्या आधी इथे सांगून जावं लागतं. म्हणून हा व्हिडिओ दिवाळीच्या आधीच आठवडे बाजारात लावा, मुकादमांच्या मोबाईलवर टाका. सातपुड्यात रेंज नसते, तिथे आशाताईंना मेमरी कार्डात भरून द्या. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर बेडका तपासून घ्या, हे सुरुवातीलाच मोठ्या आवाजात येऊ द्या.

नंदुरबार, धुळे अन् जळगावच्या जिल्हा क्षयरोग केंद्रांपर्यंत हे तुमच्या पेपरमधून पोचावं ही विनंती.

एक वाचक, शहादा