आयटी फक्त बीईवाल्यांचीच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीच्या निकालानंतरच्या पुरवणीत 'सायन्सनंतर काय' यावर अख्खं पान होतं, आणि त्यात फिजिक्स-मॅथ्सवाल्यांसाठी काय, तर बीएड, एमपीएससी नाहीतर पीएचडी. आयटी फक्त इंजिनिअरिंगखाली. मी स्वतः एमएस्सी फिजिक्स करून सी-डॅक या सरकारी कॉम्प्युटर संस्थेचा डॅक कोर्स (अ‍ॅडव्हान्स्ड कॉम्प्युटिंगचा डिप्लोमा) केला आणि आता वेब बॅकएंडचं, म्हणजे वेबसाइटच्या पडद्यामागच्या सर्व्हर-डेटाबेसचं काम करतो, त्यामुळे राहवलं नाही.

अहो, मुळात वेब आलंच फिजिक्सवाल्यांकडून. वेबचा जनक टिम बर्नर्स-ली ऑक्सफर्डला फिजिक्स शिकला, १९७६ ला पदवी, आणि १९८९ मध्ये सर्न या युरोपातल्या फिजिक्स प्रयोगशाळेत त्याने वेबचा प्रस्ताव दिला तो कशासाठी, तर तिथली माहिती वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर विखुरलेली होती, कुणाला काही सापडायचं नाही. अमेरिकेतला पहिला वेब सर्व्हरही १९९१ च्या डिसेंबरात स्लॅक या स्टॅनफर्डच्या फिजिक्स प्रयोगशाळेत पॉल कुन्झ या फिजिसिस्टनेच चालू केला, आणि त्यावर होतं काय तर रिसर्च पेपरचा डेटाबेस शोधायची सोय! आम्ही आज तेच तर करतो.

प्रॅक्टिकलला काय शिकवतात? एका वेळी एकच गोष्ट बदला, रीडिंग आलं तसं लिहा (जर्नल उतरवून काढणारे सोडून द्या). एका साखर कारखान्याच्या साइटवर शेतकऱ्यांना उसाचं वजन मोबाईलवर दिसायचं, सीझनमध्ये संध्याकाळी पेज नुसतं फिरत राहायचं, सगळे म्हणाले सर्व्हर वाढवा. आम्ही आधी कुठल्या क्वेरीला (डेटाबेसकडे केलेल्या मागणीला) किती वेळ लागतो ते नोंदवलं, तर सभासद नंबरवर इंडेक्सच नाही (पुस्तकामागच्या सूचीसारखी सोय), एकाचं वजन दाखवायला जुन्या सीझनच्या पण सगळ्या पावत्या वाचल्या जात होत्या. इंडेक्स टाकला, सर्व्हर तोच राहिला.

कोडिंग वेगळं शिकावं लागतंच, डेटा स्ट्रक्चरने (कॉम्प्युटरमध्ये माहिती रचून ठेवायच्या पद्धतींनी) माझा चांगलाच घाम काढला. पण खरी अडचण नंतरची. जाहिरातीत 'फक्त बीई/बीटेक, थ्रूआउट ६० टक्के' (म्हणजे दहावीपासून प्रत्येक परीक्षेत) असलं की आमचा अर्ज माणसाने बघायच्या आधीच बाद. त्यापेक्षा तासभर लॅपटॉपसमोर बसवून एखादा बग शोधायला द्या ना, डिग्री कुठली का असेना.

पुढच्या पुरवणीत एवढं तरी छापा की डॅकला फिजिक्स, मॅथ्सचे एमएस्सीवाले पण चालतात आणि त्यासाठी सी-कॅट नावाची प्रवेश परीक्षा असते. आमच्या गावाकडच्या पोरांनी हे नावच ऐकलेलं नसतं.

एक वाचक, पुणे