युरोपचा पास काढला, आरक्षणाचे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्ट्या जवळ आल्या की युरोप सहलींच्या जाहिरातींनी पुरवण्या भरून जातात. टूर कंपनीच्या मागे न लागता, पाठीवर सॅक टाकून दोघा मित्रांनी किंवा मैत्रिणींनी रेल्वेने फिरायचे बेतही हल्ली सोलापुरात आखले जातात. त्यांना मिळणारा सल्ला मात्र बहुतेक वेळा एका वाक्याचा असतो: पास काढा आणि वाटेल त्या गाडीत बसा. हा सल्ला अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायीच खिशाला चाट बसते. म्हणून हा पत्रप्रपंच.

युरेलच्या ग्लोबल पासवर ३३ देशांत रेल्वेने फिरता येते. महिन्याभरात कोणतेही ७ दिवस, दोन महिन्यांत १० किंवा १५ दिवस, असे त्याचे प्रकार आहेत. प्रवासाच्या पहिल्या दिवशी वय २७ किंवा त्याखाली असेल तर दर कमी लागतो. हा पास युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी असतो. तिथल्या रहिवाशांसाठी इंटररेल नावाचा वेगळा पास आहे. इथे पासपोर्ट पाहत नाहीत, राहण्याचे ठिकाण पाहतात. एक मित्र सोलापूरहून निघाला आणि दुसरा जर्मनीत शिकत असला, तर पहिल्याला युरेल आणि दुसऱ्याला इंटररेल. त्यातही इंटररेलवाल्याला स्वतःच्या राहत्या देशात एकदा बाहेर पडायला आणि एकदा परतायला, इतकाच पास वापरता येतो. म्हणजे दोघांनी मिळून जर्मनीच पालथी घालायची असेल तर त्याला तिथली तिकिटे वेगळी काढावी लागणार. ही गोष्ट बेत ठरवतानाच बोलून घ्यावी.

आता आरक्षण. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स या देशांतल्या बहुतेक गाड्यांत पासवाला सरळ चढून बसू शकतो. फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेच्चारोसा, स्पेनची एव्हीई या वेगवान गाड्या आणि जवळपास सगळ्या रात्रीच्या गाड्या यांना पासाखेरीज आरक्षण सक्तीचे आहे. दिवसाच्या वेगवान गाड्यांना त्याचे माणशी साधारण १० ते २० युरो पडतात, लंडनला जाणाऱ्या युरोस्टारला त्याहून बरेच जास्त. दोघांचे मिळून अशा पाच-सहा गाड्यांचे पैसे जोडून पाहा, म्हणजे पासाची खरी किंमत कळेल. शिवाय टीजीव्ही आणि युरोस्टारमध्ये पासवाल्यांचा कोटा ठरलेला असतो. गाडीत जागा दिसत असल्या तरी कोटा संपला की पूर्ण तिकीटच काढावे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये हे हमखास होते.

यातून वाट निघते. पासाच्याच रेल प्लॅनर ॲपमध्ये सक्तीचे आरक्षण नसलेल्या गाड्याच दाखव, असे निवडता येते. झुरिचहून मिलानला थेट जाणाऱ्या गाडीला सीमा ओलांडताना आरक्षण लागते. पण सीमेवरच्या चियास्सोपर्यंत स्विस गाडीने जाऊन तिथून साधी रिजनल, म्हणजे स्थानिक गाडी, पकडली तर लागत नाही, फक्त वेळ थोडा जास्त जातो. स्वित्झर्लंडच्या डोंगरांतून जाणाऱ्या बर्निना एक्सप्रेसचेही तसेच. काचेच्या मोठ्या खिडक्यांच्या त्या डब्यांना आरक्षण आणि जादा पैसे. पण त्याच रुळांवरून, त्याच पुलांवरून साध्या रिजनल गाड्या इटलीतल्या तिरानोपर्यंत जातात. त्यांना आरक्षण नाही आणि त्यातल्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतातही. फोटो काढणाऱ्यांनी तर साधीच गाडी धरावी, काचेत स्वतःचेच प्रतिबिंब येत नाही.

पासाचा दिवस मध्यरात्री बारा ते बारा धरतात. रात्रीची गाडी बाराच्या आत पकडली आणि बारानंतर गाडी बदलली नाही, तर सुटण्याचा एकच दिवस खर्ची पडतो. सकाळी उतरून पुढची गाडी धरली की दुसरा दिवस गेला. चार-पाच युरोच्या विमानतळाच्या गाडीसाठी पासाचा दिवस जाळणारे बरेच असतात. त्या दिवशी साधे तिकीट काढावे. मेट्रो, ट्राम, शहर बस यांना पास चालत नाही. चढण्याआधी ती गाडी ॲपमध्ये नोंदवून त्या दिवसाचा क्यूआर कोड तयार हवा. नुसता पास दाखवला तर तपासनीस विनातिकीट धरतो.

फलाटावर डब्याचा क्रमांक पाहून भागत नाही. काही गाड्या वाटेत तुटतात आणि पुढचा भाग एका गावाला, मागचा दुसऱ्याच गावाला जातो. डब्याच्या दाराशेजारी त्या डब्याचे शेवटचे स्टेशन लिहिलेले असते, ते वाचूनच चढावे. जर्मन आणि स्विस गाड्यांत सीटच्या वर चिठ्ठी किंवा छोटा पडदा असतो. त्यावर दोन गावांची नावे असली तर ती जागा तेवढ्याच टप्प्यापुरती राखीव. त्याच्या आधी किंवा नंतर खुशाल बसा. टीजीव्हीची दारे वेळेच्या दोन मिनिटे आधी बंद होतात. इथे धावत्या गाडीला लटकण्याचा सराव कामाचा नाही.

व्हिसाबाबत. शेंगेन म्हणजे एकाच सामाईक व्हिसावर फिरता येणारा युरोपीय देशांचा गट. या व्हिसाचे शुल्क प्रौढांना ९० युरो, आणि प्रवासविम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोचे हवे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, १५ दिवसांच्या आत आला तर चालत नाही. जिथे मुक्काम सर्वात जास्त त्या देशाकडे अर्ज करायचा; मुक्काम सारखेच असतील तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे. सोबत जाणार असलात तरी अर्ज, बँकेचे उतारे, बोटांचे ठसे ज्याचे त्याचे. मुक्कामाचा तक्ता मात्र दोघांचा तंतोतंत जुळला पाहिजे. बोटांचे ठसे द्यायला पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. पुण्याचे काम असेल तर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरून संध्याकाळच्या हुतात्माने परतता येते. वेळ दुपारची घ्यावी, अकराची नको.

व्हिसा हातात आला की त्यावरचा प्रवेशांचा रकाना दोघांनी वाचावा. तिथे ०१ असेल तर एकदाच आत येता येते. पासाच्या ३३ देशांत सर्बिया, बोस्निया, माँटेनेग्रो, तुर्कस्तान, ब्रिटनही आहेत आणि हे शेंगेनमध्ये नाहीत. पास चालतो म्हणून बुडापेस्टहून बेलग्रेडला गेलात, तर ०१ वाल्याला परत बुडापेस्टला येता येणार नाही. एकाला ०१ आणि दुसऱ्याला अनेक प्रवेश, असेही होऊ शकते. तेव्हा बेत ०१ वाल्याच्या व्हिसाप्रमाणे ठरवावा.

दोघांचे पास एकाच फोनमध्ये ठेवता येतात; ठेवू नयेत. बॅटरी संपली की दोघेही विनातिकीट. ॲपला तीन दिवसांतून एकदा तरी इंटरनेट लागते. कार्डे दोघांची वेगवेगळ्या बँकांची असावीत, आणि परदेशी व्यवहार निघण्याआधी बँकेच्या ॲपमधून सुरू करून घ्यावेत, कारण ते मुळात बंद असतात. आरक्षण काढताना ओटीपी येतो तो भारतीय सिमवर. स्थानिक सिम घेतले तरी आपले सिम काढून ठेवू नये. मशीनने रुपये की युरो असे विचारले तर युरो निवडावे, रुपयांचा दर ते आपल्या सोयीने लावतात. गर्दीत चुकामूक झाली तर काय, हेही आधीच ठरवावे: गाडीत राहिला त्याने पुढच्या थांब्यावर उतरून तिथेच थांबायचे, मागे राहिलेल्याने यायचे. आरक्षणाची गाडी असेल तर त्याला नवे आरक्षण काढावे लागेल, तेवढे पैसे प्रत्येकाजवळ हवेत.

सॅक ४० लिटरच्या वर नको, वजन आठ किलोच्या आत. होस्टेलात चादर-पांघरूण मिळते, तेव्हा सोलापुरी चादरीचा मोह आवरावा. टॉवेल बहुतेक ठिकाणी भाड्याने असतो, पण आपला टेरी टॉवेल तिथल्या थंड हवेत रात्रभरात वाळत नाही. पातळ पंचा न्यावा. लॉकरला कुलूप स्वतःचे लागते. खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी उत्तम, दोन्ही टिकतात. चटणी मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात आणि चेक-इनच्या सामानात ठेवावी. तूप, पेढे, खवा, मांसाचे काहीही युरोपात नेता येत नाही. ताज्या फळांपैकी केळी, अननस, नारळ, खजूर, ड्युरियन एवढ्यांनाच सूट आहे. तिथल्या मित्रासाठी पिशवीभर डाळिंबे न्यायची तर रोगमुक्ततेचे सरकारी प्रमाणपत्र लागते.

आपल्या पुरवणीत पुढे कधी युरोप सहलीचा खर्च छापाल तेव्हा पासाच्या किमतीशेजारी आरक्षणाचा रकानाही द्यावा, ही विनंती.

कळावे,
एक वाचक, रेल्वे लाईन्स, सोलापूर