निफ्टी फाइलमध्ये मेंदूची डावी-उजवी बाजू उलटी येत असल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, तक्रार निवारण विभाग

महोदय,

लातूरमध्ये मी एमआरआय सेंटर चालवतो. स्कॅन साठवायला आणि डायकॉमवरून (मशीनमधून निघणारा मूळ फाइल-प्रकार) निफ्टीत (मेंदूच्या चित्रांचा दुसरा फाइल-प्रकार) बदलून घ्यायला दोन वर्षांपासून तुमचे सॉफ्टवेअर वापरतो आहे. निफ्टी फाइलीत डावे-उजवे उलटे येते म्हणून तीनदा फोन केला, तिन्ही वेळा ‘व्ह्यूअरची (चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रामची) सेटिंग बघा’ एवढेच ऐकायला मिळाले. म्हणून आता लेखी देतो आहे.

मागच्या महिन्यात केज तालुक्यातली एक ऊसतोड कामगार बाई तपासणीला आली. उजव्या हातातून कोयता गळून पडायचा. गाठ मेंदूच्या डाव्या बाजूला, हात हलवणाऱ्या भागालगत निघाली. आमच्या मशीनवर डावीकडे, रिपोर्टातही डावीकडे. ऑपरेशनच्या आखणीसाठी पुण्याच्या सर्जनना तुमच्या सॉफ्टवेअरमधून काढलेली निफ्टी फाइल पाठवली. रात्री त्यांचा फोन आला, “हात उजवा गेलाय आणि गाठही उजवीकडेच? हे कसं?” त्यांनी रिपोर्ट शेजारी ठेवून पाहिला म्हणून बाई वाचली. नाहीतर काय झाले असते, या विचाराने मला अजून झोप लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः मशीनमध्ये झोपलो. टेक्निशियनने माझ्या उजव्या कानशिलावर व्हिटॅमिन ईची कॅप्सूल चिकटपट्टीने लावली. तेल टी-वन या प्रकारच्या एमआरआय चित्रात पांढरे चमकते, त्यामुळे बाजू ओळखायला ती चांगली खूण होते. डायकॉममध्ये ठिपका उजवीकडे दिसला. तीच मालिका तुमच्या सॉफ्टवेअरमधून निफ्टीत नेली, तर ठिपका डावीकडे! तीन वेगवेगळ्या व्ह्यूअरमध्ये उघडून पाहिले, तिन्हीकडे तेच. मग सेटिंगचा प्रश्न येतो कुठे?

मी फाइलचा हेडर, म्हणजे सुरुवातीचा माहितीचा भाग, उघडून वाचला. निफ्टीच्या ३४८ बाइटच्या हेडरमध्ये रुग्णाची दिशा सांगणारे दोन कोड असतात, क्यूफॉर्म आणि एसफॉर्म. तुमच्या फाइलीत दोन्ही शून्य आहेत, म्हणजे दिशा लिहिलेलीच नाही. डायकॉममध्ये पहिला, म्हणजे आडवा अक्ष रुग्णाच्या डावीकडे वाढतो, निफ्टीत उजवीकडे. तुम्ही चित्राच्या ओळी वरच्या खाली उलटवता, म्हणून नाक वर, डोळे जागच्या जागी, सगळे ठीक दिसते. पण आडव्या दिशेचे काहीच कळवत नाही, आणि मी पाहिलेले व्ह्यूअर ती उजवीकडे वाढते असे धरून चालतात. मेंदूचे दोन्ही अर्ध सारखेच दिसतात, त्यामुळे आरसा लागलाय हे नुसत्या नजरेला कळत नाही. निफ्टीच्या आधीच्या ॲनालाइझ फॉरमॅटमधला डाव्या-उजव्याचा हाच घोळ मिटावा म्हणून निफ्टीत ही सोय केली गेली. ती सोय रिकामी ठेवून फाइलीला निफ्टी म्हणून विकणे मला पटत नाही.

आणखी एक. स्कॅनमधले आमचे नेहमीचे काप ५ मिमी जाडीचे, मध्ये १ मिमी फट, म्हणजे एका कापाच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंतचे अंतर ६ मिमी. तुमचे सॉफ्टवेअर जाडीलाच अंतर धरते. २० कापांचा १२० मिमी उंचीचा भाग फाइलीत १०० चा होतो, आणि गाठीचे आकारमानही सहाव्या हिश्शाने कमी मोजले जाते. गाठ वाढली की कमी झाली, हे सहा महिन्यांनी दुसऱ्या सेंटरच्या स्कॅनशी ताडून कोणी ठरवायचे?

दोन्ही चुका आठ दिवसांत दुरुस्त करा. तोवर निफ्टीचे बटण बंद ठेवा आणि तुमच्या सगळ्या ग्राहकांना आजच लेखी कळवा. बीड-धाराशिवच्या गावोगावचे पेशंट आमच्यासारख्या सेंटरवर विसंबून हैदराबाद, सोलापूर, पुणे गाठतात. मूळ डायकॉम आमच्याकडे जपून ठेवलेल्या आहेत, म्हणून दोन वर्षांत गेलेली प्रत्येक फाइल मी पुन्हा काढून घेऊ शकतो. त्या कामाचा खर्च कंपनीने द्यावा. निफ्टी फाइल कोणकोणत्या तारखेला निघाली याची तुमच्या सर्व्हरवरची नोंद मला तीन दिवसांत हवी, म्हणजे त्या-त्या डॉक्टरांना मीच फोन करीन.

कॅप्सूलच्या स्कॅनच्या दोन्ही फाइली सोबत जोडल्या आहेत. त्या उघडून पाहिल्यावरच मला फोन करा.

आपला,
एमआरआय सेंटर चालक, लातूर