ऊन पडलंय

प्रिय मित्रा,

परवा फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, "तुझं बरं आहे लेका, जगभर मित्र आहेत. मला रात्री नऊनंतर कोणाशी बोलावं तेच सुचत नाही." आणि लगेच विषय बदललास. मीही बदलू दिला. अशा वेळी फोनवर माझी जीभ टाळ्याला चिकटते, हे तुला शाळेपासून ठाऊक आहे. दोन दिवस ते वाक्य मनात घोळत होतं, म्हणून शेवटी लिहायला बसलो.

पहिलं म्हणजे ते "जगभर मित्र" प्रकरण. ऐकायला भारी वाटतं, पण आहेत मोजून चार. सुरुवातीला चाळीसेक लोकांशी बोलणं झालं असेल. त्यातल्या निम्म्यांशी गाडी "हाय, कुठून?" याच्या पुढे गेली नाही. काहींशी महिनाभर गेली आणि मग कोण आधी गप्प झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. तेव्हा मला काही जादू येते असं समजू नकोस. उलट मी काय काय घाण केली तेच आधी सांगतो.

माझी सुरुवात पोस्टकार्डांपासून झाली. पोस्टक्रॉसिंग नावाचा एक उद्योग आहे, २००५ साली पाउलो मगाल्याइश या पोर्तुगालमधल्या विद्यार्थ्यानं सुरू केलेला. नाव नोंदवलं की संगणक तुला जगातल्या कुठल्यातरी माणसाचा पत्ता आणि एक क्रमांक देतो. क्रमांक कार्डावर लिहायचा आणि कार्ड पेटीत टाकायचं. ते पोचलं की समोरचा माणूस क्रमांक नोंदवतो, आणि मग तुझा पत्ता तिसऱ्याच कोणाच्या हाती पडतो. म्हणजे ज्याला पाठवलं त्याच्याकडून उत्तर यायचं नाही, यायचं ते भलत्याच माणसाकडून. नव्या भिडूला एका वेळी पाचच कार्डं पाठवता येतात. मला वाटलं, पाच म्हणजे फारच कमी. लिहायला बसल्यावर कळलं की पहिलंच सुचत नाही.

मग मी काय केलं असेल? माहिती पाठवली! लोकसंख्या, नद्या, इतिहास, सगळं बारीक अक्षरात कोंबून. शाळेत परीक्षेच्या आदल्या रात्री तू तळहातावर लिहायचास ना, अगदी तसं. एकानं नम्रपणे कळवलं, "कार्ड पोचलं, फार माहितीपूर्ण आहे." पुढे त्याचा चकार शब्द नाही. खरंच आहे, माहितीपत्रकाला कोण उत्तर देतं?

आणि मग एक कार्ड आलं, फिनलंडच्या पार उत्तरेच्या टोकाहून, उत्स्योकी भागातून. त्यावर चारच ओळी होत्या. दुपारचे बारा वाजलेत, बाहेर शाईत पाणी मिसळावं तसा निळा उजेड आहे, दिवा लावून लिहितेय, कुत्रा बाहेर जायला तयार नाही. बस. तिकडे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही, हे मी भूगोलात वाचलं होतं आणि मार्कही मिळवले होते. पण दारात बसून हट्ट करणारा तो कुत्रा दिसला तेव्हा कुठे ते मला कळलं. कार्डावर तिनं इमेलचा पत्ता दिला होता. त्याच दिवशी लिहिलं. आता इतकी वर्षं झाली, आम्ही आठवड्यातून दोनतीनदा लिहितो, आणि विषय बहुतेक तेवढेच असतात. उजेड, कुत्रा, दोघांचे गुडघे.

तिला फिनिश येतं, मला मराठी, आणि दोघांचंही इंग्रजी कामचलाऊ. त्यामुळे मध्ये भाषांतराचं यंत्र बसलेलं असतं, आणि त्यानं आमची जितकी करमणूक केली तितकी आम्ही एकमेकांचीही केली नसेल. एकदा पावसाळी आठवड्यानंतर मी खुशीत लिहिलं, "आज ऊन पडलंय." तिचा ताबडतोब उलट निरोप: सूर्य कोसळला म्हणजे काय? तुम्ही सगळे सुखरूप आहात ना? मग तिला समजावत बसलो की आमच्या भाषेत सगळंच पडतं. ऊन पडतं, थंडी पडते, अंधार पडतो, प्रश्न पडतो, स्वप्नसुद्धा पडतं, आणि या पडापडीत कोणाला खरचटत नाही. लिहिता लिहिता मलाच नवल वाटलं. पन्नास वर्षं ही भाषा बोलतोय, पण आपल्याकडे प्रश्न विचारण्याआधी तो "पडावा" लागतो, हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. एवढं पाहायला उत्स्योकीची बाई लागली.

तिच्या बाजूनंही गंमत झाली. फिनिशमध्ये "तो" आणि "ती" यांना एकच शब्द आहे, "हॅन". ती शेजाऱ्याबद्दल लिहायची: बर्फ साफ करायला मदत केली, कुत्र्याला फिरवून आणलं. यंत्र बिनदिक्कत "तो" लिहायचं. मी वर्षभर मनात एक दणकट दाढीवाला माणूस उभा केला होता. निघाली सत्तरीच्या पुढची बाई! आपल्याला तर क्रियापदसुद्धा लिंग विचारल्याशिवाय पूर्ण करता येत नाही. तिला ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला सतत चौकशी करावी लागते!"

घड्याळांनी मात्र छळलं. माझा एक मित्र अमेरिकेत आहे, एक जर्मनीत. तिघांनी दर रविवारी बोलायचं ठरलं. मार्चमध्ये एकदा मी आणि जर्मन मित्र वेळेवर येऊन बसलो, तर अमेरिकेचा बाबा तासाभरापूर्वीच येऊन, वाट पाहून, रागावून निघून गेलेला. झालं होतं असं की उन्हाळ्यासाठी घड्याळ एक तास पुढे करायची त्यांची पद्धत एक असली तरी मुहूर्त वेगळा. अमेरिकेत मार्चचा दुसरा रविवार, युरोपात शेवटचा. मधले दोनतीन आठवडे सगळं गणित एका तासानं चुकतं. दक्षिण गोलार्धातलं तर आणखी निराळं. न्यूझीलंडची घड्याळं एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येतात, कारण तिथे तेव्हा हिवाळ्याची तयारी चाललेली असते. आता मी भिंतीवर कागद चिकटवलाय. तरी वर्षातून एकदा चुकतोच, आणि मग पुढचे तीन रविवार त्यावरूनच थट्टा चालते.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. आमच्या एका गप्पांच्या गटात प्रशांत महासागरातल्या टोंगा या बेटांच्या देशातला एक जण होता. मितभाषी माणूस, बहुतेक वेळा समुद्राचे फोटो टाकायचा. १५ जानेवारी २०२२ ला तिकडचा समुद्रातला ज्वालामुखी फुटला आणि देशाला बाहेरच्या जगाशी जोडणारी समुद्राखालची केबल तुटली. आपण म्हणतो हे सगळं हवेतून चालतं. हवेतून कसलं, बहुतेक सगळं समुद्राच्या तळाशी पसरलेल्या तारांतून चालतं, आणि त्या देशाला अशी तार एकच होती. माझ्या निरोपापुढे एकच बरोबरची खूण, दुसरी उमटेना. मुख्य बेटावरची केबल जोडायला पाच आठवडे गेले. आमचं बोलणं असं कितीसं झालं होतं? तरी मी सकाळी उठून आधी ती खूण बघायचो. शेवटी एक दिवस त्याचा निरोप आला, त्याच्या स्वभावाप्रमाणे एका ओळीचा: घरचे बरे आहेत, छपरावरची राख झाडतोय, पावसाचं पाणी पुन्हा धरायचंय. वाचून मी खुर्चीत बसूनच राहिलो. बायकोनं विचारलं काय झालं, तर मला नीट सांगताच येईना. जो माणूस समोर आला तर ओळखता येणार नाही, त्याच्या छपराची मला काळजी लागली होती.

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली एक अभ्यास छापला होता. ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला साधारण ५० तास सोबत लागते, चांगला मित्र व्हायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. अभ्यास प्रत्यक्ष भेटणाऱ्या अमेरिकन लोकांचा होता, त्यामुळे आमच्या पत्रापत्रीला तो कितपत लागू पडतो हा प्रश्नच आहे. शिवाय मैत्रीचे तास मोजायचे ही कल्पना मला जरा कोरडीच वाटते. पण त्यावरून आपली आठवण झाली. आपल्याला नुसतं सोबत असणं पुरलं, विशेष काही बोलावं लागलं नाही. आपण दोघांनी बाकावर २०० तास काय केलं? काहीच नाही. खिडकीबाहेर बघत बसलो. लांबच्या माणसाबरोबर तसं बसता येत नाही, म्हणून आपल्या खिडकीतलं त्याला लिहून कळवायचं, एवढाच काय तो फरक.

आता तुला सावध करणं भाग आहे, कारण तू भोळा आहेस. (रागावू नकोस, आहेसच.) पत्रातला माणूस नेहमी प्रत्यक्षापेक्षा चांगला वाटतो. जोसेफ वॉल्थर नावाच्या अभ्यासकानं १९९६ साली याची उकल मांडली: लिहिणाऱ्याला स्वतःला नीटनेटकं करून दाखवायला वेळ मिळतो, आणि वाचणारा मधल्या मोकळ्या जागा आपल्या आवडीच्या रंगानं भरतो. माझा दाढीवाला शेजारी आठव. तो निरुपद्रवी होता, सगळे नसतात. मला एक "जहाजावरचा इंजिनिअर" भेटला होता. आठव्या दिवशी मी त्याचा जन्मोजन्मीचा भाऊ झालो आणि नवव्या दिवशी तो इस्पितळात पडून पैसे मागू लागला. त्याचा फोटो इंटरनेटवर टाकून कोणाचा ते शोधून पाहिलं, तर तो भलत्याच कोणाचा होता. तेव्हा पैसा हा शब्द निघाला की विषय संपला, मग समोरचा कितीही रडो. आणि फोटो पाठवताना एक बघ: फोनच्या मूळ फोटोत तो कुठे काढला ते ठिकाण दडलेलं असू शकतं. ते बंद करून ठेव. खिडकीतून काय दिसतं ते नवख्या माणसाला शब्दांत सांग, फोटो सहा महिन्यांनी.

सुरुवात कशी करायची, तर तुला फ्रेंच शिकायचं होतं ना? भाषेची देवघेव करणारे पुष्कळ लोक असतात. अर्धा तास त्याच्या भाषेत, अर्धा तास तुझ्या. मराठी शिकायला कोण येणार असं म्हणशील, पण येतात. माझा जर्मन मित्र तसाच मिळाला. त्याला "ळ" जमायला दीड वर्ष लागलं. दोघंही चुकत असले की संकोच लवकर उडतो, आणि वाक्यं साधी असल्यामुळे थापाही फार मारता येत नाहीत. विचारताना मात्र "तुमच्या देशाबद्दल सांगा" असलं काही विचारू नकोस, माणूस लगेच वक्ता होतो. बघून उत्तर देता येईल असं विचार. तुझ्या टेबलावर आत्ता काय आहे? आज सकाळी पहिला आवाज कसला ऐकलास? आणि उत्तर आलं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस. चाळीसातले चार, हे मी सुरुवातीलाच सांगितलंय.

त्या उत्स्योकीच्या बाईंचं एक राहिलंच. गेल्या जानेवारीत, मध्याच्या सुमारास, सकाळी फोन उघडला तर तिचा एक फोटो. टेकडीच्या कडेवर नखाएवढा सूर्य, समोर बर्फात कुत्रा. खाली देवनागरीत, माझ्याच जुन्या पत्रातून उचललेलं: "ऊन पडलंय."

हे सगळं लिहून झाल्यावर खरं सांगायचं ते आता सांगतो. आमच्या इमारतीची लिफ्ट नऊ दिवस बंद आहे. हे त्या चौघांनाही माहीत आहे. अमेरिकेचा रोज विचारतो, आज किती मजले. तुला माहीत नाही. परवा आपण वीस मिनिटं बोललो, मुलांची लग्नं झाली, रक्तदाब झाला, लिफ्ट काही निघाली नाही. चाळीस वर्षांच्या मित्राला असल्या फालतू गोष्टी काय सांगायच्या, असं वाटलं असणार. तूही तुझ्याकडचं काही बोलला नाहीस.

तर आत्ता संध्याकाळचे सात वाजायला आलेत, अंधार पडलाय. समोरच्या जिन्यात दिव्याची नळी फडफडतेय, कोणी बदलत नाही. पहिल्या मजल्यावरचा मुलगा पायरीवर बसून एकच बूट घालून कसला तरी विचार करतोय, दुसरा हातात आहे. दहा मिनिटं झाली. आता घातला.

तुझ्या खिडकीतून काय दिसतं ते कळव. रात्री नऊनंतरचं.

तुझा,
बाकावरचा शेजारी