स्फोटकांवरचं संशोधन पोलीस पाटलापर्यंत कधी पोचणार?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

बॉम्बचा विषय निघाला की आपल्या कोकणात लोक सरळ हात झटकतात, ते मुंबई-दिल्लीवाल्यांचं काम, आपण आपले मासे नि काजू बघावे. आता आमच्या श्रीवर्धन तालुक्यातल्या माणसाने तरी असं बोलू नये. १२ मार्च १९९३ ला मुंबईत साखळी स्फोट झाले, २५७ माणसं गेली, त्याचं आरडीएक्स इथेच शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलं होतं, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. आणि १८ ऑगस्ट २०२२ ला ऐन दहीहंडीच्या तोंडावर हरिहरेश्वरला ती बेवारस बोट लागली, आत तीन एके-४७, सगळ्या जिल्ह्यात नाकाबंदी, टीव्हीवाले दिवसभर ओरडतायत. नंतर कळलं की बोट एका ऑस्ट्रेलियन बाईच्या मालकीची, जूनमध्येच मस्कतकडे इंजिन बंद पडून समुद्रात सोडून दिलेली, ती वाहत वाहत इकडे आली. घातपात नव्हता, सुटलो. पण ती बोट आधी बघितली कोणी, दिल्लीच्या कमांडोंनी नाही, इथल्याच माणसांनी. माझं सगळं पत्र एवढ्यावरच आहे, की असल्या वस्तूजवळ जो पहिला माणूस पोचतो त्याला कोणी काही सांगितलेलं असतं का.

लिहायचं कारण असं की अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्याच्या संशोधनाबद्दल वाचनात आलं. त्यांचा सायन्स अँड टेक्नॉलॉजी म्हणून विभाग आहे, शिवाय सँडिया, लॉस अलामोस, लॉरेन्स लिव्हरमोर असल्या सरकारी लॅब आहेत, तिथे घरगुती बनावटीच्या स्फोटकांवर कामं चालतात. म्हंजे काय, तर असला माल किती चिडका असतो, घासला तर काय, आपटला तर काय, ठिणगी पडली तर काय, फुटला तर किती ताकदीने फुटतो, हे लॅबमध्ये थोडा थोडा माल घेऊन तपासायचं आणि ती माहिती बॉम्ब पथक, फायर ब्रिगेड आणि तपास करणारे पोलीस यांना द्यायची. १९ एप्रिल १९९५ ला ओक्लाहोमा शहरात सरकारी इमारतीसमोर ट्रक उडवला, १६८ माणसं मेली, तो बॉम्ब घरीच बनवलेला होता, कुठल्या लष्करी कोठारातून चोरलेला नव्हता. तिथल्या सरकारला तेव्हाच कळलं असणार की नुसती लष्करी स्फोटकं ओळखून भागत नाही.

मी काही रसायनवाला नाही, आयुष्य एसटीत गेलं, वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झालो. पण मला यातलं मर्म एवढं समजलं की लष्करी स्फोटक हे शिकवलेल्या बैलासारखं, डिटोनेटरचा इशारा मिळाल्याशिवाय सहसा हलत नाही, म्हणून तर १९९३ ला तो माल आपल्या त्या वेळच्या रस्त्यांवर धक्के खात मुंबईला गेला नि वाटेत काही झालं नाही. घरगुती माल म्हंजे उधळलेला खोंड, कशाने बिथरेल ते बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून समोर काय आहे हे न कळता हात लावणं यासारखा दुसरा धोका नाही, आणि तो धोका चोरापेक्षा जास्त पोलिसाला असतो.

१४ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आठवून बघा. श्रीनगरच्या नौगाम पोलीस ठाण्यात जप्त केलेला माल ठेवला होता, फरिदाबादहून आणलेला, त्याचे नमुने काढायचं काम चाललं होतं आणि अचानक सगळं उडालं. नऊ जण गेले. त्यात फॉरेन्सिक लॅबची माणसं, क्राइम ब्रँचचे फोटोग्राफर, एक नायब तहसीलदार, आणि एक शिंपी. शिंपी कशाला, तर नमुन्यांच्या पिशव्या शिवून बंद करायला बोलावला होता. गावातला साधा टेलर, मशीनवरून उठून ठाण्यात गेला तो परत आला नाही. ही बातमी वाचल्यावर मला दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही, कारण पंचनामा म्हटला की कोण कोण हजर असतं हे मी बघितलंय.

बघितलंय म्हंजे मीच पंच होतो. ठाण्याचं नाव घेत नाही, त्या पोरांचा दोष नाही. रानडुकरांच्या शिकारीचे गावठी बॉम्ब पकडले होते, साक्षीला मला नि पानवाल्याला बोलावलं. सुतळीने गच्च आवळलेले लिंबाएवढे गोळे, वर वासासाठी कायतरी फासलेलं, मासळीच्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये ठेवून ट्रे टेबलावर, वर पंखा गरगरतोय, शेजारी चहाचे ग्लास. हवालदार एकेक गोळा उचलून मोजत होता आणि दुसरा लिहून घेत होता, मध्येच एक सुटला नि टेबलावरच गडगडला, सगळे हसले. मीही हसलो. मग लाख लावून सील, आमच्या सह्या, आणि ट्रे मुद्देमालाच्या खोलीत, जिथे दारूचे कॅन नि मोटरसायकलचे पार्ट पडलेले. कायद्याने बघाल तर १९०८ चा स्फोटक पदार्थ कायदा आहे, १८८४ चा स्फोटकं कायदा आहे, स्फोटकं कुठे नि कशी ठेवायची त्याचे २००८ चे नियम आहेत, त्यावर देखरेख करणारं केंद्राचं पेसो नावाचं खातं आपल्या नागपुरात बसलंय. कागद भरपूर आहे हो. त्या हवालदाराला मात्र कोणी सांगितलं नव्हतं की हा गोळा मोजायला उचलायचा नसतो.

आणि हे गावठी बॉम्ब म्हंजे आपल्याकडचा खरा आयईडी, हाती मिळेल त्या सामानातून जुळवलेला बॉम्ब, पण त्याला त्या नावाने कोणी ओळखत नाही, शिकारीचा मामला म्हणून सोडून देतात. रानडुकरं त्रास देतात हे मान्य, भात आणि कंदमुळं एका रात्रीत उलथून टाकतात, शेतकऱ्याने करावं काय. पण बॉम्ब लावणारा बहुतेक वेळा शेतकरी नसतोच, तो मटण विकणारा असतो, रात्री पेरून ठेवतो आणि सकाळी सगळे सापडतातच असं नाही. डुकराच्या दाताखाली आला तर डुकराचा जबडा जातो, नाहीतर गाय, नाहीतर कोणाचा तरी कुत्रा. मे २०२० मध्ये केरळात गाभण हत्तीण असल्याच प्रकाराने मेली तेव्हा सगळा देश हळहळला. आपल्याकडे मार्च-एप्रिलात काजूच्या बागेत बाया पाल्यात हात घालून बिया वेचतात, पोरं चेंडू समजून काही पण उचलतात, आणि पालापाचोळा पेटवायचा सीझन तोच. कोणी जखमी झालं तर दोन ओळी बातमी, कुत्रा मेला तर तेवढीही नाही.

इथे मला त्या अमेरिकन कामातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते, ती म्हंजे तुकडे जपून ठेवायची. एफबीआयने २००३ मध्ये टेडॅक नावाचं केंद्र काढलं, सध्या ते अलाबामा राज्यात हंट्सव्हिलला आहे, तिथे इराक-अफगाणिस्तानात सापडलेल्या बॉम्बचे तुकडे, वायर, टेप, फोनचे भाग गोळा होतात नि प्रत्येकावर ठसे बिसे तपासतात. २००५ मध्ये इराकात सापडलेल्या बॉम्बला लावलेल्या एका कॉर्डलेस फोनच्या भागावर बोटाचे ठसे मिळाले, आणि तो माणूस २०११ ला अमेरिकेत केंटकीमध्ये पकडला गेला, तिथे निर्वासित म्हणून राहत होता. सहा वर्षांनी, एका फोनच्या डब्यावरून. आपल्याला हे नवीन आहे असंही नाही, १९९३ ला वरळीला सोडून दिलेली एक मारुती व्हॅन पोलिसांनी नीट तपासली म्हणूनच धागा माहीमच्या मेमन कुटुंबापर्यंत गेला. मग बागेत फुटलेल्या गोळ्याची सुतळी, चिंधी, कागद हे आपण झाडून का टाकतो. एकाच हाताने वळलेले गोळे दोन-तीन तालुक्यात सापडत असतील तर तो हात कळायला नको? हरयाणात मानेसरला एनएसजीचं नॅशनल बॉम्ब डेटा सेंटर आहे, देशभरातल्या स्फोटांची माहिती तिथे जमा होते. आपल्या काजूच्या बागेतला स्फोट त्यात कधी लिहिला जातो का, हे पोलिसांनी एकदा जाहीर सांगावं. नसेल तर जिल्ह्याच्या पातळीवर तरी एक वही घाला.

पुण्याचं सांगतो. पाषाणजवळ सुतारवाडीला डीआरडीओची एचईएमआरएल लॅब आहे, त्यांनी स्फोटकं ओळखायचं एक छोटं किट बनवलंय, चिमूटभरही नाही एवढासा नमुना, त्यावर औषधाचे थेंब, रंग बदलला की कळतं कुठल्या जातीचं स्फोटक आहे ते, काही मिनिटांत. त्याचं तंत्रज्ञान २०१३ मध्ये एका अमेरिकन कंपनीला दिलं. २०१९ मध्ये त्याच लॅबने बंगळुरूच्या आयआयएससीबरोबर रायडर-एक्स नावाचं यंत्र दाखवलं, ते दोन मीटर लांबून ओळखतं. बॉम्ब उचलणारा दक्ष नावाचा रोबोट पण पुण्यातलाच, दिघीच्या लॅबचा (ही पुण्याची दिघी, आमची बंदरवाली नव्हे). म्हंजे हुशारीची कमतरता नाही, घाटाच्या वर सगळं तयार आहे. पुण्याची वस्तू अमेरिकेला गेली याचा अभिमान आहे, आता ताम्हिणी उतरून खाली कोकणात किती ठाण्यांत आली तेही छापून येऊ दे.

मला माहितीय, किट प्रत्येक हवालदाराच्या हातात देता येणार नाही आणि देऊ पण नये, अर्धवट शिकलेला माणूस नमुना काढायला जायचा आणि भलतंच व्हायचं. ते बॉम्ब शोधक व नाशक पथकाचं काम, त्यांनीच करावं. पण पथक जिल्ह्याच्या ठिकाणाहून यायचं म्हंजे आपल्या रस्त्यांनी दोन-तीन तास. ते दोन-तीन तास कोण सांभाळणार तर बीटचा पोलीस, होमगार्ड, पोलीस पाटील, सागर रक्षक दलाची पोरं, स्टँडवरचा कंट्रोलर. त्यांना यंत्र नको, अंतर सांगा. अमेरिकेत यासाठी साधं कार्ड आहे, एका बाजूला वस्तू, समोर फूट. बॅग किंवा सुटकेस असेल तर १५० फुटांच्या आत कोणीच थांबायचं नाही, आणि उघड्यावर असाल तर १८५० फुटांच्या पुढे जायचं. मधल्या पट्ट्यात अडकलात तर पक्क्या भिंतीआड, खिडकी नि काचेपासून लांब. १५० फूट म्हंजे एकामागे एक लावलेल्या चार एसटी गाड्या. १८५० फूट म्हंजे आमच्याकडे स्टँडपासून बाजारपेठ संपून पार पुढे.

आणि आपल्याकडे काय होतं? मी ज्या आगारांत काम केलं त्यातल्या एकात गणपतीच्या गर्दीत फलाटावर एक बॅग बेवारस सापडली. मी अनाउन्समेंट केली की बॅगेपासून लांब राहा, झालं, जे लांब होते तेही बघायला आले. दहा फुटांवर गोल रिंगण, सगळ्यांचे मोबाईल वर, एक आजोबा तर बॅगेवर पत्ता लिहिलाय का म्हणून वाकून बघतायत. पोलीस आला त्याने काठीने चेन उघडली. आत सुके बोंबील नि बाळंतिणीचे डिंकाचे लाडू. खूप हसू झालं, पण २६ नोव्हेंबर २००८ नंतर सीएसटीला लोकांनी टाकून पळालेल्या सामानाच्या ढिगात एक स्फोटकांची बॅग ३ डिसेंबरला सापडली, म्हंजे आठवडाभर ती तशीच पडून होती आणि शेजारून लोकल चालू होत्या. प्रत्येक बॅगेत बोंबीलच निघतील असं नाही.

म्हणून सरकारला एवढंच सांगणं आहे की ते अंतराचं कार्ड मराठीत करा, फुटाच्या बरोबर मीटर पण लिहा, बॅग, सिलिंडर, मोटरसायकल, टेम्पो अशी आपल्याकडची चित्रं टाका आणि त्यात गावठी बॉम्बचं चित्र पण टाका, खाली ठळक अक्षरात की हात लावू नका, तिथून मोबाईलवर बोलू नका, लांब जाऊन ११२ ला सांगा. आकडे पुण्याच्या लॅबवाल्यांनी तपासून द्यावेत, कारण आपली घरं, आपले चिऱ्याचे गडगे नि कौलं वेगळी, अमेरिकेचा आकडा जसाच्या तसा उचलून उपयोग नाही. जप्त केलेला असा माल ठाण्याच्या इमारतीत ठेवायचा नाही आणि पंचांना टेबलाभोवती बसवायचं नाही, एवढा लेखी आदेश काढा, त्याला काही बजेट लागत नाही. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्यात सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने जागेवर जायचं आहे, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. त्या पाच वर्षांत तज्ज्ञ आमच्या काजूच्या बागेत पोचला तर उत्तमच, पण तोवर जागा कशी राखायची ते पोलीस पाटलाला शिकवा.

दरवर्षी गणपतीच्या आधी जादा गाड्यांच्या नियोजनाची मीटिंग होते, तिथे पोलीस, आरटीओ, आगारप्रमुख, महसूलवाले सगळे एका टेबलावर बसलेले असतात. हा विषय तिथेच घ्या, अर्धा तास पुरेल, वेगळी मीटिंग लावली की ती पुढच्या वर्षावर जाते हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, ता. श्रीवर्धन, जि. रायगड